राणी जागी झाली, फूल कुठंय?

दोस्तांनो, आधी एक कोडं. नीट ऐका हं!

ती राणी आहे, पण तिच्याकडे ना राजवाडा, ना नोकरचाकर. गेले सात-आठ महिने ती जमिनीखाली एकटीच झोपली होती. तिची आई गेली, भाऊ गेले, घरात दिवसभर राबणाऱ्या बहिणीही थंडी पडायच्या आतच गेल्या. आज ती जागी झालीय. अंगातली चरबी जवळजवळ संपलेली, झाडांच्या सावलीत अजून बर्फाचे ढीग आणि पोटात भुकेचा आगडोंब. लवकरात लवकर तिला एक उमललेलं फूल सापडलं नाही, तर तिच्याबरोबर तिचं होऊ घातलेलं सगळं घराणंच संपणार! ओळखा पाहू, कोण?

ही परीकथेतली राणी नाही बरं का! ही आहे बंबलबीची राणी. बंबलबी म्हणजे मधमाशीची गुबगुबीत, केसाळ चुलत बहीण. आपल्या महाराष्ट्रात लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा दिसतो ना, साधारण तेवढीच. पण हिच्या अंगावर स्वेटर घातल्यासारखी दाट लव असते. हिचे भाऊबंद आपल्याकडे हिमालयात राहतात. आपण मात्र आज जाणार आहोत त्याहून खूप उत्तरेला, स्वीडनमधल्या एका खेड्यातल्या बागेत.

काढा नकाशा!

नकाशाचं पुस्तक उघडा. मुंबई सापडली? ती विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे. आता बोट सरळ वर युरोपात न्या. स्वीडनमधलं उप्साला हे गाव जवळपास ६० अंशांवर आहे. इतक्या उत्तरेला डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. म्हणजे तुमची दुपारची शाळा सुटायच्या कितीतरी आधी बाहेर मिट्ट काळोख! माती गोठून दगडासारखी टणक होते. झाडं नुसत्या काड्या. बाग पाहून कुणालाही वाटेल, की इथे आता काहीच जिवंत नाही.

पण मार्च उजाडतो आणि दिवस भराभर मोठा व्हायला लागतो. किती भराभर? रोज पाच मिनिटांहून जास्त. म्हणजे एका आठवड्यात अर्ध्या तासाहून अधिक उजेड वाढतो! लाल रंगाच्या लाकडी घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर ऊन पडतं, भिंत तापते आणि तिच्या पायथ्याचा बर्फ सगळ्यांत आधी वितळतो. पहिली मजा नेमकी तिथेच दिसते.

बर्फातून डोकावणारं फूल

वीतभर उंचीचं, पांढरंशुभ्र, मान खाली घातलेलं एक फूल. याचं नाव स्नोड्रॉप. शास्त्रीय नाव गॅलँथस निवॅलिस. गॅलँथस म्हणजे 'दुधाचं फूल' आणि निवॅलिस म्हणजे 'बर्फातलं'. आहे की नाही नाव शोभेसं?

पण एवढ्या थंडीत याला उगवायला ताकद येते कुठून? उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. टोपलीत विसरलेल्या कांद्याला कधी कधी मातीपाण्याशिवायच हिरवी पात फुटते, पाहिलंय ना? ती पात कांद्यात साठवलेल्या अन्नावर वाढते. स्नोड्रॉपचाही जमिनीखाली असाच एक छोटासा कंद असतो. गेल्या वर्षीच्या वसंतात त्याच्या पानांनी जे अन्न तयार केलं, ते त्यात शिलकीत टाकलेलं असतं. ती शिल्लक आता कामी येते. (म्हणून लगेच चाखून पाहायला जाऊ नका हं. स्नोड्रॉपचा कंद विषारी असतो!)

आणि थंडीचं काय? पाणी गोठलं की त्याचे टोकदार स्फटिक होतात. ते पेशींमध्ये वाढले, तर पेशी फाटतात. भाजी फ्रीजरमध्ये ठेवून बाहेर काढली की लिबलिबीत होते, ती यामुळेच. स्नोड्रॉपच्या पेशींत या स्फटिकांना वाढू न देणारी प्रथिनं असतात. रात्री कडाक्याची थंडी पडली, तर फूल जमिनीवर मान टाकतं. तुम्हाला वाटतं, मेलं बिचारं! पण सकाळी ऊन आलं की पुन्हा आपलं ताठ उभं.

एप्रिल आला की बागेच्या कडेला, झाडांखाली, वाळक्या पानांमधून निळी फुलं वर येतात. स्वीडिश भाषेत त्यांना 'ब्लोसिप्पा' म्हणतात. इतकी निळी, की आभाळाचे तुकडे पडलेत असं वाटावं! या फुलांना घाई असते. का सांगा? वरच्या झाडांना अजून पानं फुटलेली नाहीत, त्यामुळे जमिनीपर्यंत भरपूर ऊन पोचतंय. महिन्याभरात झाडं पानांनी भरतील आणि खाली सावली पसरेल. त्याआधीच फुलणं उरकलं पाहिजे. म्हणून ब्लोसिप्पाची नवी पानं येतात नंतर, फुलं आधी!

पुढे तिच्या बिया मुंग्या वाहून नेतात. प्रत्येक बीला मुंग्यांना आवडणारा खाऊ चिकटलेला असतो. मुंग्या तो खातात आणि बी टाकून देतात. झालं पेरणीचं काम! पण मुंगी अशी किती लांब जाणार? म्हणून ही फुलं पसरतात फार सावकाश. एखाद्यानं रोप उपटून नेलं, तर ती जागा पुन्हा भरायला खूप वर्षं लागतात. यामुळे स्वीडनमध्ये ब्लोसिप्पा उपटायला कायद्यानं बंदी आहे. काही जिल्ह्यांत तर फूल तोडायलाही मनाई आहे.

राणीची न्याहारी

आता आपल्या राणीकडे वळू. ती मातीतून वर आली खरी, पण तिला लगेच उडता येत नाही. उडण्याचे स्नायू साधारण ३० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय पंख नीट चालतच नाहीत. बाहेर तर जेमतेम सात-आठ अंश. मग ती करते काय? पंख न हलवता नुसते आतले स्नायू थरथरवते. थंडीत आपण कुडकुडतो ना, तसंच. त्यातून अंगात ऊब तयार होते आणि ती केसाळ स्वेटर बाहेर जाऊ देत नाही. थोड्या वेळानं 'घुंऽऽऽ' असा आवाज काढत राणी हवेत!

पण या कुडकुडण्याला इंधन लागतं. ते इंधन म्हणजे फुलांतला गोड मकरंद. इंधन संपलं, की राणी थंड पडली आणि जागच्या जागी बसली. अशा वेळी आजूबाजूला फूल नसेल तर खेळ खलास. बरं, नुसता मकरंद पुरत नाही. परागही हवेत. आपला वरण-भात आहे ना, तसं समजा. मकरंद म्हणजे भात, ताकद देणारा. पराग म्हणजे वरण, त्यात प्रथिनं. ती मिळाली नाहीत, तर राणी अंडी घालू शकत नाही आणि पिल्लं वाढवू शकत नाही. गंमत म्हणजे आपल्या सुंदर ब्लोसिप्पात पराग असतात, पण मकरंद नसतो. मग भात कुठे मिळणार?

मिळतो! बागेच्या कोपऱ्यात, ओलसर जागी, विलोचं एक झाड असतं. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज उगवतं, ते याच विलोच्या कुळातलं. आणि क्रिकेटच्या चांगल्या बॅटी ज्या लाकडाच्या असतात, तेही एका जातीचं विलोच बरं का! आपल्या बागेतल्या विलोला पानं फुटायच्या आधीच मऊमऊ, मांजराच्या पंज्यासारखे तुरे येतात. नर झाडाचे तुरे परागांनी पिवळेधमक होतात. मादी झाडावर पराग नसतात, पण मकरंद असतो. एप्रिलच्या एखाद्या उन्हाच्या दुपारी या झाडाखाली उभं राहिलं, तर वर नुसती गुणगुण ऐकू येते. त्या परिसरातल्या उपाशी राण्यांची ती खाणावळच!

पोट भरलं, की राणी घर शोधते. बहुतेक वेळा उंदरानं सोडलेलं बीळ तिला पसंत पडतं. तिथे ती मेणाचं इवलंसं भांडं करते आणि त्यात मध साठवते. अंडी घातली, की कोंबडीसारखी त्यांच्यावर बसून ती आपल्या अंगच्या उबेनं त्यांना शेकत बसते. काही आठवड्यांनी पहिल्या कामकरी मुली बाहेर पडतात. उन्हाळ्यापर्यंत त्यांची संख्या शंभर-दोनशे, कधी कधी त्याहूनही जास्त होते. त्याच पुढे बागेतल्या टोमॅटोच्या, रासबेरीच्या, घेवड्याच्या फुलांवर फिरतात आणि झाडांना फळं-शेंगा धरतात.

म्हणजे पाहा हं, एप्रिलमध्ये एक राणी उपाशी मेली, तर एक किडा मेला असं होत नाही. जुलैतल्या शंभर-दोनशे माश्या जन्मालाच येत नाहीत!

फुलपाखरू आणि काटेरी चेंडू

बागेत जागे होणारे आणखीही आहेत. एक आहे पिवळंजर्द फुलपाखरू, त्याचं नाव ब्रिमस्टोन. बाकीची बरीच फुलपाखरं हिवाळा अंडं, अळी किंवा कोषाच्या रूपात काढतात. हा पठ्ठ्या मात्र पूर्ण वाढलेल्या फुलपाखराच्याच रूपात, झुडपातल्या पानांआड पंख मिटून, बर्फातसुद्धा गप बसून राहतो. अंगातल्या द्रवात ग्लिसरॉलसारखे पदार्थ असल्यामुळे तो गोठत नाही. पहिलं ऊबदार ऊन आलं, की निघालीच स्वारी!

दुसरा आहे हेजहॉग. दिसायला साळिंदराचं पिल्लू वाटेल, पण साळिंदराशी त्याचं जवळचं नातं नाही. साळिंदर कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी, तर हा किडे, गोगलगायी, गांडुळं खाणारा. घाबरला की अंगाचा काटेरी चेंडू करतो. हिवाळाभर तो वाळक्या पानांच्या आणि काटक्यांच्या ढिगात झोपतो. एरवी त्याचं हृदय मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके देतं, ते या झोपेत वीसच्या आसपास येतं. स्वतःची नाडी मोजून पाहा, म्हणजे कळेल!

इथे एक गंमत आहे आणि एक धोकाही. ३० एप्रिलला स्वीडनमध्ये 'वाल्बोरी' नावाचा सण असतो. आपल्या होळीसारखाच! हिवाळ्याला निरोप द्यायला गावोगावी मोठमोठ्या शेकोट्या पेटवतात, गाणी म्हणतात. त्यासाठी बागेतल्या तोडलेल्या फांद्या आणि काटक्या आठवडे-आठवडे आधीपासून एका जागी रचून ठेवतात. आता सांगा, हेजहॉगला झोपायला काय आवडतं? बरोबर, काटक्यांचा ढीग!

म्हणून तिथे लोकांना आवर्जून सांगितलं जातं, की शेकोटी पेटवायच्या आधी ढीग त्याच दिवशी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी रचा. नुसतं वाकून बघू नका, काठीनं ढोसूही नका. घरातली मुलं हे काम हौसेनं करू शकतात. अर्ध्या तासाची मेहनत, पण एक जीव वाचतो. आणि तो वाचवायलाच हवा, कारण युरोपातले हेजहॉग कमी होत चाललेत. २०२४ साली जागतिक लाल यादीत त्यांची नोंद 'धोक्याच्या जवळ पोचलेले' अशी झाली.

आणखी एक लक्षात ठेवा. हेजहॉगपुढे दुधाची बशी ठेवणं ही माया नव्हे. दूध त्याला पचत नाही, पोट बिघडतं. साधं पाणी ठेवलं की पुरे.

बाग पाहून कॅलेंडर करणारे प्राध्यापक

या उप्सालाचं नाव तुम्हाला पुढे शास्त्राच्या पुस्तकात भेटणार आहे. कारण कार्ल लिनियस इथल्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. वनस्पतींना आणि प्राण्यांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रूढ केली, तेच हे लिनियस. १७५८ साली त्यांनी उप्सालाजवळ हॅमरबी नावाची शेतवाडी विकत घेतली. त्याच वर्षी त्यांच्या 'सिस्टिमा नॅच्युरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. बंबलबी, ब्रिमस्टोन फुलपाखरू आणि हेजहॉग या आपल्या तिन्ही दोस्तांची शास्त्रीय नावं त्या आवृत्तीतली आहेत. म्हणजे तुमच्या-माझ्यासकट, कारण 'होमो सेपियन्स' हे नावही त्यातलंच!

हॅमरबीच्या बागेचा एक किस्सा सांगतात. लिनियस यांना एक विशिष्ट फुलझाड हवं होतं. त्यांनी सायबेरियात असलेल्या एका परिचिताकडून बिया मागवल्या. आल्या, पेरल्या, उगवल्या. पाहतात तो झाड भलतंच! पिवळ्या फुलांचं ते 'भलतंच' झाड त्या बागेला इतकं मानवलं, की आज अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही दर वसंतात ते तिथे फुलतं.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. लिनियस बागेत नुसते हिंडत नसत, तर लिहून ठेवत. बर्फ कधी वितळला, कोणतं फूल कोणत्या तारखेला उमललं, कोणता पक्षी कधी आला. १७५५ सालच्या अशा नोंदींवरून त्यांनी १७५६ साली एक निराळंच कॅलेंडर मांडलं. त्यात जानेवारी-फेब्रुवारी नव्हते. त्यात होते बर्फ वितळण्याचा महिना, कळ्यांचा महिना, पानांचा महिना, फुलांचा महिना! तारीख माणसांची नाही, तर झाडांची.

त्याच गावात आन्डर्स सेल्सिअस हेही प्राध्यापक होते. हो हो, थर्मामीटरवरचे तेच सेल्सिअस! उप्सालामध्ये १७२२ सालापासून तापमानाच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. एवढ्या जुन्या नोंदी जगात फार थोड्या ठिकाणी आहेत.

दोन घड्याळं

तुम्ही म्हणाल, या नोंदींचा उपयोग काय? आता ऐका.

पृथ्वी तापते आहे, हे तुम्ही शाळेत शिकलात. स्वीडनमध्येही आता पूर्वीपेक्षा वसंत लवकर येतो. मग बरंच झालं की, थंडी कमी! पण तसं नाही. निसर्गात प्रत्येकाचं घड्याळ सारखं नसतं. कुणी उबेवर जागं होतं, तर कुणी दिवसाच्या लांबीवर. ऊब लवकर येऊ शकते, पण दिवसाची लांबी कशी बदलणार? ती तर दर वर्षी तीच!

याचं खरंखुरं उदाहरण पाहा. या बागेतल्या लाकडी घरट्यात मे महिन्यात एक काळा-पांढरा छोटा पक्षी येतो, त्याचं नाव पाइड फ्लायकॅचर. हिवाळ्यात तो पश्चिम आफ्रिकेत असतो. तिथून निघायची वेळ त्याला दिवसाच्या लांबीवरून कळते. आफ्रिकेत बसून युरोपातली ऊब त्याला कशी समजणार? इकडे ऊब लवकर आली, झाडांना पालवी लवकर फुटली, ती खाणाऱ्या अळ्याही लवकर झाल्या. पक्षी येऊन, अंडी घालून, पिल्लं बाहेर पडेपर्यंत अळ्यांचा हंगाम सरलेला! पंगत उठल्यावर जेवायला पोचल्यासारखं झालं. हॉलंडमधल्या एका अभ्यासात, २००६ साली, असं दिसलं की जिथे अळ्यांचा हंगाम सगळ्यांत लवकर संपत होता, त्या भागांत दोन दशकांत हे पक्षी सुमारे नव्वद टक्क्यांनी घटले.

हे कळलं कशावरून? कुणीतरी वर्षानुवर्षं तारखा लिहून ठेवल्या होत्या म्हणून!

स्वीडनमध्ये २०१५ सालापासून दर वर्षी वाल्बोरीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, एक मजेदार उपक्रम चालतो. त्याचं नाव 'वोरकॉलेन', म्हणजे वसंताची पाहणी. आपल्या भाषेत वसंताची हजेरी म्हणू या! त्या दोन दिवसांत देशभरातली माणसं, त्यात मुलंही आली, घराबाहेर पडतात आणि सहा ठरावीक झाडांची हजेरी घेतात. ब्लोसिप्पा फुललीय का? विलो फुललाय का? बर्चला पालवी फुटलीय का? उत्तरं शास्त्रज्ञांकडे जातात. अख्ख्या देशात वसंत कुठवर पोचला, याचा नकाशाच तयार होतो.

आता तुमची पाळी

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे बरं का. अशी वही ठेवायला स्वीडनला जावं लागत नाही. आपल्याकडेही 'सीझनवॉच' नावाच्या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुलं आपल्या ओळखीच्या झाडाला पालवी, फुलं, फळं कधी आली याच्या नोंदी करतात. तुम्हीही करू शकता. शंभर पानी वही घ्या. शाळेच्या वाटेवरचं एकच झाड निवडा. आंबा असो, बहावा असो, पळस असो. आठवड्यातून एकदा त्याच्यासमोर दोन मिनिटं उभे राहा. तारीख टाका आणि लिहा : पालवी आहे का, कळी आहे का, फूल आहे का, फुलावर कोण आलंय? एवढंच. पहिल्या वर्षी ही वही साधी वाटेल. दहा वर्षांनी तिच्यासारखी वही सगळ्या गावात नसेल!

आणि आपली राणी? तिची गोष्ट राहिलीच की. त्या बागेच्या मालकिणीनं पानगळीत सगळी वाळकी पानं झाडून जाळली नव्हती. भिंतीजवळचे स्नोड्रॉपचे कंद उपटले नव्हते. आणि 'या विलोला ना धड फळ, ना सावली' असं शेजाऱ्यांनी कितीदा म्हटलं, तरी तो तोडला नव्हता. म्हणून तर आज दुपारी अकरा अंशांच्या कोवळ्या उन्हात ती राणी थरथरत, पडत-झडत त्या पिवळ्या तुऱ्यावर जाऊन टेकली. दोन-तीन मिनिटं हलली नाही.

मग 'घुंऽऽऽ' आवाज आला. राणी घर शोधायला निघाली होती.